सिस्टर अंगावर का येते? कोल्हापुरातल्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

सरकारी दवाखान्यातून घरी सुटलेल्या माणसाला विचारा, कसं काय होतं आत. ऑपरेशनचं तो मागाहून सांगेल. आधी सांगेल, "डॉक्टर बरा होता हो, पण सिस्टर निस्ती अंगावर येतीय." ही तक्रार नवी नाही आणि सगळीच खोटीही नाही. तिच्यावरचा सरकारी उपायही ठरलेला आहे. 'रुग्णांशी सौजन्याने वागा' असा फलक लागतो, संवादकौशल्याची कार्यशाळा होते, १२ मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीपुढं दिवा लावून शपथ घेतली जाते आणि पाहुणे परिचारिकांना देवदूत म्हणून गुलाबाचं फूल देतात. ड्युटी लिस्ट मात्र कालचीच राहते. माणुसकीची शुश्रूषा हवी असेल तर ती लिस्ट वाचावी लागेल, आणि ती अशी का आहे हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

टाउन हॉलसमोरच्या सीपीआरला जुनी माणसं अजून 'थोरला दवाखाना' म्हणतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे नाव नंतरचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत उभं राहिलं तेव्हा ते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर चार्ल्स मँट यांनीच याचाही आराखडा केला. दगडी बांधकाम देखणं झालं, डॉक्टर आले, कंपाउंडर आले. रुग्णाचं अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं ही कामं मात्र त्या काळच्या इतर दवाखान्यांसारखीच घरच्या माणसांवर नाहीतर हलक्या समजल्या जाणाऱ्या नोकरांवर पडली. परक्याच्या मळमूत्राला हात लावणं म्हणजे जात बाटणं, अशी समजूत असलेल्या समाजात हे शिकून करायचं काम आहे, त्याला पगार आणि मान असतो, ही कल्पनाच नव्हती. पुण्यात प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये गेल्या. त्यांचं आपण स्मरण करतो ते त्यागासाठी, आणि इथंच एक गाठ बसली: चांगली शुश्रूषा म्हणजे त्याग. त्यागाला कुणी तास मोजत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी बाईच्या हातात वैद्यक दिलं, हे कोल्हापूरचं वेगळेपण. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्या शिक्षणाला दरबारानं पाठबळ दिलं आणि याच आल्बर्ट एडवर्डमध्ये त्यांची नेमणूक झाली. बाळंतपणाला बाई डॉक्टर असल्यानं किती घरांतल्या बाया दवाखान्याची पायरी चढल्या असतील, याचा अंदाजच करावा. पण डॉक्टर बाईला जो मान मिळाला, तो नर्स बाईपर्यंत झिरपला नाही.

नर्स घडवण्याचं काम आपल्या भागात ख्रिस्ती मिशननं केलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी काम सुरू केलं, १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं आणि १८९७ च्या सुमारास तिथं नर्सिंगचं प्रशिक्षण सुरू झालं. कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटलही त्याच मिशनच्या कामातून आलेलं. मिशनच्या शाळांत आलेल्या मुली बहुतेक ख्रिस्ती, काही विधवा, काही दुष्काळात पोरक्या झालेल्या. उच्चवर्णीय घरांनी या पेशाकडं कितीतरी वर्षं पाठच फिरवली.

मिशनचं ऋण मोठं आहे, पण साचाही तिथलाच. मुलीनं हॉस्टेलवर राहायचं, लग्न करायचं नाही किंवा केलं तर काम सोडायचं, मेट्रनसमोर, म्हणजे मुख्य परिचारिकेसमोर, मान खाली, आणि राहणं-जेवण दवाखान्याकडं असल्यानं पगार हातखर्चापुरता. देवाच्या कामाला आलेल्या एकट्या बाईसाठी बेतलेला हा साचा पुढं सरकारी नोकरीलाही तसाच वापरला गेला. गडहिंग्लजला सासू-सासरे, शाळेत दोन पोरं आणि गळ्यात मंगळसूत्र असलेली बाई नाईटला येते, तेव्हाही वेळापत्रक त्या हॉस्टेलवरच्या मुलीचंच असतं. माझ्या मते आजच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथं आहे.

कायदे आणि समित्या मग येत राहिल्या. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशाची आरोग्यव्यवस्था तपासणाऱ्या भोर समितीनं १९४६ च्या अहवालात आकडा मांडला: सारा देश मिळून जेमतेम ७ हजार परिचारिका, म्हणजे ४३ हजार लोकांमागं एक. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ मध्ये शेट्टी समिती परिचारिकांच्या नोकरीच्या अटी बघायला नेमली गेली. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. सगळ्यात रोखठोक बोलली ती १९८७ मध्ये नेमलेली सरोजिनी वरदप्पन समिती. आठवड्याला ४० तास, सलग पाळी, जादा तासांचा मोबदला, आणि नर्सिंगबाहेरच्या कामातून सुटका, असं तिनं सरळ लिहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं परिचारिकांच्या कामाच्या अटींवर स्वतंत्र करार केला होता. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत रुळलेल्या पाळ्या बघा. सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. नाईट बारा तासांची. सकाळी आठला सुटी म्हणायचं, पण ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगून, औषधांचं रजिस्टर जुळवून निघेपर्यंत नऊ वाजतात.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डाला तीन खाटांमागं एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागं एक, आणि रजा-सुट्यांसाठी वर ३० टक्के. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे शिकवणारं रुग्णालय. कागदावर हिशेब करून बघू. ३६ खाटांना १२ जणी. सकाळी पाच, दुपारी चार, रात्री तीन असं वाटलं तर निकष पुरा पाळूनही रात्री एकीच्या वाट्याला बारा रुग्ण. आता यातली एक जागा रिकामी धरा, एक बाळंतपणाच्या रजेवर, एक प्रतिनियुक्तीवर, आणि खाटा भरल्या म्हणून चार रुग्ण खाली गादीवर. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडपासून निपाणी आणि तळकोकणापर्यंतचा माणूस इथं येतो, त्याला परत कोण पाठवणार?

बॅक केअरचंच, म्हणजे पडून असलेल्या रुग्णाची पाठ जपण्याचंच, उदाहरण घ्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात हे हाताला लावतात. खुब्याचं हाड मोडलेला, नाहीतर कमरेखाली संवेदना गेलेला रुग्ण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती बघायची, लाल दिसतंय का, कातडी ओलसर आहे का. पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची चुणी राहू द्यायची नाही, दोन गुडघ्यांत उशी ठेवायची. नीट करायचं तर दोघी लागतात आणि दहा मिनिटं जातात. वॉर्डात असे सहा रुग्ण असतील तर बारा तासांच्या रात्रीत छत्तीस वेळा. म्हणजे सहा तास, दोघींचे. त्यातच कुणाचं सलाईन शिरेबाहेर जातं, कुणाला ताप चढतो, अपघात विभागातून नवा रुग्ण वर येतो, इनपुट-आउटपुट चार्ट, म्हणजे पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली याचा तक्ता, भरायचा असतो. मग पाठ कोण वळवतं? रुग्णाची बायको. तिला कुणी शिकवलेलं नसतं. ती आपल्या परीनं ओढते, कातडी घासली जाते, आणि चौथ्या दिवशी बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, दिसतो.

नातेवाईक हा आपल्या दवाखान्याचा न लिहिलेला कर्मचारी आहे. व्हरांड्यात वाकळ टाकून झोपतो, रक्त आणायला धावतो, रिपोर्ट घेऊन जिना चढतो, आणि एका खाटेशी चौघं जमले की सिस्टरच्या डोक्यावरही बसतो. "सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा की!" हे एका रात्रीत कितीदा ऐकायचं याला मोजमाप नाही. ती वसकन बोलते ती बहुतेक वेळा इथं. तिचं समर्थन म्हणून हे लिहीत नाही. शिकलेल्या माणसानं आजाऱ्यावर ओरडू नये. पण रुग्णाला हात लावणं हे जे तिच्या पेशाचं मुख्य काम, ते मावशी आणि नातेवाईकांकडं गेलं आणि तिच्या हातात रजिस्टर, इंडेंट (औषध-सामानाची मागणीपत्रं) आणि केसपेपर उरले, हा बदल कार्यशाळेनं उलटत नाही.

सुरक्षिततेचा इतिहास आणखी कडू आहे. मुंबईच्या केईएममध्ये १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच हल्ला झाला. सुरक्षित कामासाठी परिचारिकांनी तेव्हा संप केला, आणि मग त्यांच्याच पिढ्यांनी २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, हल्ल्यानंतर पुन्हा भानावर न आलेल्या अरुणाताईंना सांभाळलं. माणुसकीच्या शुश्रूषेचं याहून मोठं उदाहरण दुसरं दाखवता येणार नाही. ते उभं राहिलं मात्र मालकाच्या बेफिकिरीतून. राज्यात वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा यायला २०१० उजाडलं. त्यात परिचारिकाही येतात, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी रात्री अडीचला दारू प्यालेला जमाव वॉर्डात शिरला तर दारात कोण उभा असतो, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही.

राजारामपुरीतल्या आणि उपनगरांतल्या खासगी दवाखान्यांचं चित्र वेगळं, पण मुळात तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीनं पगार सुचवले: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका, १०० हून जास्त खाटांना त्याहून १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखालच्या दवाखान्यातही २० हजारांपेक्षा कमी नको. कोल्हापूरसारख्या शहरात बरेच दवाखाने याच शेवटच्या गटातले. शिफारस ती शिफारसच. केरळनं २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून तिला धार दिली. इकडं घरचे सरळ सांगतात, "सरकारी लागंपर्यंत कर की." म्हणजे मुलगी टिकत नाही, आणि वॉर्ड शिकाऊ हातांवर चालतो.

सरकारी लागणंही आता पूर्वीसारखं नाही. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि कंत्राटी नेमणुका रुळल्या. एकाच टेबलाशी बसलेल्या दोघी, काम तेच, पगाराच्या स्लिपा वेगळ्या. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या शासकीय परिचारिका संपावर गेल्या त्या मुख्यतः बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या विरोधात. संपाच्या दिवसांत शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या, आणि परिचारिका नसेल तर दवाखान्याचं नेमकं काय थांबतं हे सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संसदेनं मंजूर केला. त्याचा भर शिक्षण आणि नोंदणीवर आहे. रात्रीच्या वॉर्डात किती जणी, हे ठरवणं पूर्वीप्रमाणंच राज्याच्या तिजोरीवर आणि पदमंजुरीवर राहिलं.

दरम्यान जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यानं २०२४ मध्ये महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडं २०१९ पासून काही विभागांत एका परिचारिकेमागं जास्तीत जास्त रुग्ण किती, हे नियमानं बांधलेलं आहे. इकडं जीएनएम (परिचारिकेचा डिप्लोमा) झालेली मुलगी नाईट संपवून जर्मन भाषेच्या क्लासला जाते, आणि तिची जागा रिकामी झाली की ती अकरा महिन्यांच्या करारावर भरण्याची जाहिरात निघते.