सावंतवाडी : जनजीवन व करमणूक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि सावंत-भोसले घराण्याच्या माजी संस्थानाची राजधानी. जुने नाव सुंदरवाडी. नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या छोट्या शहराच्या मध्यभागी मोती तलाव असून त्याच्या काठी राजवाडा आहे. तलावाचे बांधीव रूप १८७४ च्या सुमाराचे मानतात. राजवाडा मात्र तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतला (१७५५–१८०३), म्हणजे त्याआधीचा. सकाळ-संध्याकाळ तलावाला फेरी मारणे व काठाशी गप्पांचा फड जमविणे हा येथील नित्याचा विरंगुळा. गणेशविसर्जनही याच तलावात होते. घराबाहेर मालवणी बोली सर्रास कानी पडते.

चितार आळीत लाकडी खेळणी व रंगीत फळे-भाज्या मिळतात. हलक्या कामासाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरण्याची पद्धत आहे. हा व्यवसाय चितारी समाजाचा. याच समाजाच्या हातून गंजिफाची पानेही रंगली.

गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. सावंतवाडीत मुख्यतः दशावतारी संच रंगविला जातो : १० रंग (एकेका अवताराचा एक) व प्रत्येकात १२ पाने (राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी), एकूण १२०. तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पाने येतात. पाच रंगांत राजा व वजिरानंतर दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा. हुकूम नसतो. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करायची (पहिले पान टाकायचे), रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. गेलेली पाने ध्यानात ठेवणे हेच या खेळातले खरे कसब, आणि आजच्या ५२ पानांना सरावलेल्या माणसाला ते जड जाते.

खेळाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताने तो मूळचा भारतीय. याला मुख्य आधार ‘आईन-इ-अकबरी’चा : तिचा कर्ता, अकबराचा दरबारी अबुल फज्ल, बारा रंगांच्या जुन्या संचाचे वर्णन करतो आणि अश्वपती, गजपती, नरपती अशी उघड संस्कृत वळणाची नावे देतो. ही परंपरा तो प्राचीन ऋषींकडे नेतो. दुसऱ्या मताने खेळ इराणमार्गे मुघलांबरोबर आला. ‘बाबरनामा’त सिंधच्या शाह हसनला १५२७ मध्ये गंजिफा पाठविल्याची नोंद असून, भारताच्या संदर्भातील हा सर्वांत जुना खात्रीचा उल्लेख समजला जातो. ‘कंजिफा’ हा शब्द त्याआधी इजिप्तच्या मामलूक राजवटीतील अरबी लेखनात येतो. शब्दाची व्युत्पत्ती फारसी ‘गंज’ (खजिना) वरून सांगतात, ती सर्वमान्य नाही. अबुल फज्लची यादी सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. तेवढ्यावरून प्राचीनत्व सिद्ध होत नाही. खेळ बाहेरून आला व दशावतारांची योजना येथे झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आठ रंगांच्या ९६ पानी मुघल संचाशी दशावतारी संचाची रचना जुळते, हेही त्याला पूरक आहे.

सावंतवाडीत ही कला तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांच्या व कारागिरांच्या मार्गाने रुजली, असे परंपरेने सांगतात. कापड वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, गोल कापून, मग रंगवून त्यांवर लाखेचा हात देतात. नक्षीदार किनारीचा दरबारी संच व साधा बाजारी संच, असा भेद आहे. विसाव्या शतकात छापील पत्त्यांपुढे ही कला मागे पडली. १९७० नंतर शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यात तिचे काम सुरू केले. आज संच विकत घेतले जातात ते बहुधा शोभेसाठी, खेळणारे थोडेच.

दशावतार हेच नाव या भागातील रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यालाही आहे. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगाव देवळांपुढे त्याचे प्रयोग होतात. शहराजवळील सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणांसाठी प्रसिद्ध आहे.