रायफलीची अचूकता : नळीचे तोंड आणि दुर्बीण

एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या एकमेकींच्या आणि त्या बिंदूच्या किती जवळ लागतात, यावरून रायफलीची अचूकता ठरते. येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. गोळ्या एका जागी दाटीने लागणे हा रायफल, काडतूस आणि नेमबाज या तिघांचा मिळून गुण आहे. दाटीने लागलेल्या गोळ्यांचा तो गट उचलून नेमाच्या बिंदूवर आणणे हे मात्र दुर्बिणीच्या किंवा माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या) जुळवणीचे काम आहे. पहिली गोष्ट साधलेली नसताना दुसरी साधू पाहणारा माणूस प्रत्येक गोळीमागे दुर्बिणीचे स्क्रू फिरवत राहतो आणि काडतुसे संपली तरी त्याचा नेम बसत नाही.

गटाचे माप कोनात सांगण्याची पद्धत आहे. अंशाचा ६०वा भाग म्हणजे १ मिनिट, १०० मी. अंतरावर त्याची रुंदी सुमारे २.९ सेंमी. आणि २०० मी. अंतरावर सुमारे ५.८ सेंमी. भरते. मिलीरेडियन हे दुसरे प्रचलित माप असून १०० मी.वर ते बरोबर १० सेंमी. होते. तीन गोळ्यांचा सुरेख गट योगायोगानेही पडतो, म्हणून पाच किंवा दहा गोळ्यांच्या गटावरच विश्वास ठेवावा.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, या विषयाला मोठा इतिहास आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली, त्या काळात सातपुड्याच्या पायथ्याशी वाघांची शिकार ठासणीच्या बंदुकांनी होत असे. दारू आणि गोळी तोंडातून घालून गजाने ठासायची असल्यामुळे नळीचे तोंड दर बाराला घासले जाई. पुढे मागून काडतूस भरण्याच्या, आतून आटे पाडलेल्या नळीच्या रायफली आल्या आणि काडतूस हीच अचूकतेची निम्मी बाजू ठरली. आज भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत ५.५६ आणि ७.६२ मिमी. मापाची लष्करी काडतुसे तयार होतात. एकाच घाटाच्या काडतुसांत दारूचे वजन आणि गोळीचा वेग जितका सारखा, तितका गट उभ्या दिशेने कमी पसरतो. हा नियम लष्करी काडतुसाला जसा लागू आहे, तसाच परवानाधारक शेतकऱ्याच्या .३१५ (इंचातले नळीचे माप) रायफलीच्या काडतुसालाही लागू आहे.

शिकारीची कायदेशीर स्थिती येथेच स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हौसेची शिकार बंद झालेली आहे, आणि १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्यासारख्या क्षेत्रांत तर निर्बंध आणखी कडक आहेत. शेतपिकांची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांना मारण्याची परवानगी वन विभागाकडून अटींसह मिळू शकते. म्हणजे आज खानदेशात रायफलीच्या अचूकतेचा विचार एकतर नेमबाजीच्या मैदानावर होतो, नाहीतर अशा परवानगीच्या चौकटीत. दुसऱ्या ठिकाणी अचूकतेला गुणांपेक्षा मोठा अर्थ आहे, कारण पोटात गोळी लागून उसात किंवा केळीत शिरलेले जखमी रानडुक्कर स्वतः तासन्‌तास तडफडते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येते.

नळीचे तोंड

गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या बुडाची कड नळीच्या शेवटच्या काठाला सोडते आणि मागचा दाबाखालचा वायू सर्व बाजूंनी एकदम सुटतो. काठ सगळीकडे सारखा असेल तर वायूचा दाब गोळीच्या बुडावर सारखा पडतो. एका बाजूला टवका उडालेला असेल तर तेथून वायू निमिषभर आधी निसटतो आणि गोळी तिरकी ढकलली जाते. म्हणून तोंडावर कोणतीही जोडणी बसवण्याच्या आधी हा काठ तपासावा. तपासणी सोपी आहे. नळी व कोठी (काडतूस बसते ती जागा) रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (कोठी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून घेऊन, काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा काठाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने फिरवावा. जेथे सूक्ष्म बोचरी कड असेल तेथे कापसाचा तंतू अडकतो आणि पांढरा धागा नळीच्या तोंडाला चिकटून राहतो. बोटाला न जाणवणारा दोष या धाग्याने उघडा पडतो. साफसफाईचा गज तोंडाकडून घातल्याने हा काठ झिजतो. बोल्ट निघणाऱ्या रायफलीत तो मागून घालावा, हे जुन्या शिकाऱ्यांचे सांगणे आजही तितकेच खरे आहे.

गोळी नळीतून जात असताना नळी वाजवलेल्या तारेसारखी थरथरत असते आणि तिचे तोंड अतिसूक्ष्म वळणे घेत असते. तोंडावर वजन लावले की ही थरथर बदलते. .२२ मापाच्या स्पर्धेच्या रायफलींवर मागेपुढे सरकवता येणारे वजन याच तत्त्वावर बसवतात. गोळी सुटण्याच्या क्षणी तोंड वळणाच्या टोकाशी, म्हणजे जवळजवळ स्थिर असावे, असा त्याचा हेतू असतो. याचाच दुसरा अर्थ असा की तोंडावर कोणतीही वस्तू चढवली किंवा उतरवली तर गोळी लागण्याची जागा सरकते, आणि दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. जोडणी काढून ठेवलेल्या रायफलीने जुन्याच जुळवणीवर नेम धरणे ही सरळसरळ चूक आहे.

सर्वांत जास्त चर्चा असलेली जोडणी म्हणजे मझल ब्रेक. त्याच्या बाजूच्या छिद्रांतून वायू आडवा किंवा किंचित मागे वळवला जातो आणि त्यामुळे खांद्याला बसणारा झटका कमी होतो. धक्क्यातला गोळीच्या वजनाचा वाटा ब्रेकला बदलता येत नाही; वायूचा वाटा तेवढा त्याच्या हातात असतो. ब्रेकने रायफल अचूक होते, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. ब्रेकमध्ये वायू शिरतो तो गोळी काठ सोडून गेल्यावर. म्हणजे ब्रेकच्या वजनाने थरथर बदलते ती सोडली, तर जी गोळी निघाली तिच्या मार्गावर वायू वळवण्याचा हात नसतो. फायदा होतो तो पुढच्या गोळीला: झटक्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटणे, खांदा आखडणे किंवा चाप हिसकणे हे कमी होते, आणि नेमबाजाला आपली गोळी कोठे लागली ते दुर्बिणीतून पाहता येते. सुधारणा झाली ती नळीत नव्हे, माणसात. ज्याचा चाप आधीच शांत आहे त्याचा गट ब्रेकने लहान होत नाही. उलट ब्रेकचे छिद्र नळीच्या अक्षाशी समकेंद्री नसेल तर गोळी आतल्या भिंतीला घासते, आणि मग गट तर बिघडतोच, शिवाय ब्रेक फुटून इजाही होऊ शकते.

त्याची किंमतही मोजावी लागते. रायफलीचा आवाज मुळातच १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात असतो, आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक हा आवाज मागे, नेमबाजाच्या व शेजारी बसलेल्याच्या कानाकडे वळवतो, म्हणून ब्रेक असलेल्या रायफलीजवळ कान झाकल्याशिवाय कोणीही थांबू नये. खालच्या बाजूला छिद्रे असलेला ब्रेक उन्हाळ्यात काळ्या जमिनीवर पालथे पडून वापरला की भुसभुशीत मातीचा लोट उठतो आणि दुसऱ्या गोळीसाठी समोरचे काहीही दिसत नाही. खानदेशच्या रानात ब्रेक घ्यायचाच तर छिद्रे फक्त बाजूंना असलेला घ्यावा.

सायलेन्सर ब्रेकप्रमाणेच धक्का कमी करतो आणि आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरवतो. भारतात मात्र हा पर्याय नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत गोळीबाराचा आवाज किंवा झळाळ कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडण्या प्रतिबंधित वर्गात घातलेल्या आहेत. जोडणी बसवण्यासाठी नळीच्या तोंडाला आटे पाडणे किंवा दुर्बिणीसाठी भोके पाडणे हेही घरच्या किंवा गावातल्या लेथवर करण्याचे काम नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर यांना परवाना लागतो, म्हणून ते परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत रायफलीवर ब्रेक चालत नाही आणि ५० मी.च्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) स्पर्धेत दुर्बीणही चालत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने ५० मी. थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले ते छिद्राच्या साध्या दर्शकातून (नेम धरण्याच्या साधनातून) नेम धरून. तेथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. असतो.

दुर्बीण

दुर्बिणीने नळी सुधारत नाही. लक्ष्य आणि नेमखूण एकाच प्रतलात आणून ती डोळ्याचे काम सोपे करते. उघड्या दर्शकांत डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन अंतरांवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते, आणि चाळिशी उलटलेल्या डोळ्याला ते जमत नाही. भारतीय आयुध निर्माणीची .३१५ रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची असून मुळात उघड्या दर्शकांची आहे, त्यामुळे तिच्यावर दुर्बिणीची बैठक नीट बसवणे हाच अर्धा प्रश्न असतो. बैठकीचा एक स्क्रू जरी सैल असला तरी महागातली भिंगे वाया जातात.

मोठे वर्धन म्हणजे चांगली दुर्बीण, ही समजूत बाजारात सर्वत्र आढळते आणि ती शेतात अंगाशी येते. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागून मिळतो. ४० मिमी. भिंग आणि ४ पट वर्धन असेल तर झोत १० मिमी. असतो, तेच वर्धन १२ पट केले तर तो ३.३ मिमी. होतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमी.पर्यंत उघडते, आणि झोत त्याहून बारीक असेल तर चित्र अंधारते. रानडुक्कर बांधावर येते ते दिवेलागणीला, आणि त्या वेळी १२ पटीचे चित्र काळवंडलेले दिसते तर ४ पटीचे उजळ. रावेर-यावलच्या केळीबागांत झाडे दीड मीटरच्या आसपास अंतरावर लावलेली असल्याने दृष्टी फार लांब जातच नाही; तेथे रुंद दृष्टिक्षेत्र देणारे कमी वर्धनच उपयोगी पडते. शहादा-शिरपूरकडच्या हरभऱ्याच्या उघड्या शेतातही ६ पटीच्या पुढे जाण्याची गरज क्वचितच पडते.

भिंगावरचा लेप हा खरा खर्च करण्यासारखा भाग आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दहा पृष्ठभागांच्या दुर्बिणीत एक तृतीयांश प्रकाश वाटेतच नाहीसा होतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने परावर्तनरोधी लेप शोधून काढल्यावर ही हानी आटोक्यात आली.

शिकारी दुर्बिणीतील विस्थापनदोष बहुधा १०० मी.च्या आसपासच्या अंतरासाठी घालवलेला असतो. डोळा दुर्बिणीच्या मध्यावर नसेल तर इतर अंतरांवर नेमखूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. ४० मिमी. भिंगाच्या दुर्बिणीत २०० मी.वर ही चूक जास्तीत जास्त २० मिमी. होते, ५० मी.वर १० मिमी. परवानगीने मारायच्या प्राण्यासाठी एवढे अंतर नगण्य आहे; गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवण्याची सवय त्याहून अधिक मोलाची आहे. डोळा आणि दुर्बीण यांत ८ ते १० सेंमी. अंतर राहिले पाहिजे, नाहीतर धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर बसते.

जुळवणी

जुळवणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावी. रेतीच्या पिशव्यांवर पुढचा दस्ता टेकवावा, नळी कधीही नाही. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच भराव असावा. पहिला गट २५ मी.वर झाडून गोळ्या कागदावर आल्याची खात्री झाली की १०० मी.वर जावे. दुर्बिणीचा स्क्रू दर खटक्याला पाव मिनिटाचा कोन सरकवत असेल तर १०० मी.वर एक खटका सुमारे ७ मिमी. सरकवतो, गट ६ सेंमी. खाली पडत असेल तर आठ-नऊ खटके वर घ्यावेत. दुरुस्ती गटाच्या मध्यावरून करायची, एकेका गोळीवरून नव्हे. दुर्बीण नळीच्या सुमारे ४ सेंमी. वर बसलेली असते, त्यामुळे १००वर जुळवलेल्या रायफलीची गोळी १०–१५ मी.वर तीनेक सेंमी. खाली लागते, बागेत अगदी जवळून नेम धरताना हे लक्षात नसेल तर गोंधळ उडतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या नळीवरून उठणारी वाफेसारखी लहर दुर्बिणीत नेमखूण डोलवते, म्हणून दोन गोळ्यांमध्ये नळी थंड होऊ द्यावी. उन्हात ठेवलेल्या काडतुसातली दारू जोरात जळते. थंडीची पहाट आणि मेची दुपार यांत काही दारूंमुळे गोळीचा वेग सेकंदाला १५ मी.पर्यंत बदलतो. १०० मी.वर हा बदल कळतही नाही, पण काडतुसे गाडीच्या काचेखाली न ठेवता सावलीत ठेवण्याला काहीच खर्च नाही. सुमारे ११५० मी. उंचीच्या तोरणमाळावर हवा विरळ असते, तिचाही परिणाम शिकारी अंतरांवर उपेक्षणीय आहे. ऊन आणि उंची यांपेक्षा शेतरस्त्यावरचे हेलकावे अधिक घातक आहेत. मोटारसायकलवर आडवी बांधून आणलेली रायफल नेम धरण्यापूर्वी कागदावर एकदा तपासावी, आणि तीही थंड नळीने. शेतात पहिलीच गोळी कामाची असते आणि ती नेहमी थंड नळीतूनच जाते.