गुळाच्या चहात दूध फाटतं? ढेप परत आणण्याआधी हे वाचा

दूध फाटलं म्हणजे गुळात भेसळ, असं नाही. गूळ किंचित आंबट असतो, शिवाय त्यात उसातले क्षार असतात. दुधासोबत त्याला उकळी आली की दूध नासतं. साखर कधीही टाकली तरी चालते, गुळाचं तसं नाही.

एका कपासाठी अर्धा कप पाणी, चहा पावडर, आलं आणि एक सपाट चमचा किसलेला गूळ (साधारण 5 ग्रॅम) एकत्र उकळा. आलंही पाण्यातच उकळायचं, कारण कच्चं आलं एकटंसुद्धा दूध फाडतं. गॅस बंद करून गाळा आणि वेगळं तापवलेलं दूध वरून ओता. नंतर तो चहा पुन्हा गॅसवर ठेवू नका. बहुतेकांचा घोळ इथेच होतो: उरलेला चहा गरम करायला ठेवतात आणि गूळ घेऊन दुकानात येतात! खिरीतही गूळ ती कोमट झाल्यावरच घाला.

"अमक्याकडचा पिवळा गूळ फाटत नाही," हेही ऐकतो. रसात चुना किंवा सोडा जास्त पडला की आंबटपणा मरतो, आणि हायड्रोस (रंग उडवणारं रसायन) घातलं की रंग उजळतो. आमचा गूळ दौंडकडच्या गुऱ्हाळांतला, मळी काढायला भेंडीचा चीक वापरलेला. म्हणून तो तांबूस दिसतो आणि पावसाळ्यात पाझरतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आंबूस वास आला तर मात्र जरूर परत आणा, बदलून देऊ.

आता मधुमेहाचं. गूळ, काकवी, मध यांनी रक्तातली साखर वाढतेच. गुळात लोह असतं, पण चमचाभर गुळातून मिळतं ते नगण्य. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध धरून, दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 च्या आत ठेवा म्हणते (2000 कॅलरींच्या आहाराला). दोन-दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे 40 ग्रॅम झालेच. "नैसर्गिक आहे" म्हणून चमचा वाढवणाऱ्यांना आम्ही स्वतःच अर्धा किलोची ढेप घ्यायला सांगतो. स्टीव्हियाने साखर वाढत नाही, पण त्याचा पाक होत नाही आणि लाडूही वळत नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका.

चिक्कीचा गूळ वेगळा येतो, तो चहाला नेऊ नका. संक्रांतीसाठी हवा असेल तर डिसेंबरातच सांगून ठेवा. ढेप फोडून, किसून देण्याचे पैसे घेत नाही.