उंदराचे घरटे आणि प्रयोगाचे उत्तर

विद्यापीठाच्या प्राणिगृहात, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवण्याच्या जागेत, सकाळची फेरी घेणारा जाणता कर्मचारी पिंजऱ्याचे झाकण उघडण्याआधी घरट्याकडे पाहतो. आदल्या दिवशी टाकलेल्या कागदाच्या पट्ट्या उंदरांनी रात्रीतून दातांनी चिरून कोपऱ्यात वाटीसारख्या रचलेल्या असतील आणि त्या ढिगाखाली चार-पाच पांढरे उंदीर एकमेकांना बिलगून झोपलेले असतील, तर त्या पिंजऱ्यात बहुधा सारे ठीक आहे. पट्ट्या जशाच्या तशा पडून असतील आणि एखादा उंदीर पाठीला बाक काढून, केस पिंजारून एकटाच बसला असेल, तर मात्र पशुवैद्याला बोलवावे लागते. उंदीर हे अनेकांचे भक्ष्य असल्यामुळे तो आपले दुखणे शक्यतो लपवतो. म्हणून त्याने काय केले नाही, यावरूनही ते ओळखावे लागते. २०१० साली संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत मांडली. तीत मिटत आलेले डोळे, नाक व गाल यांचा फुगीरपणा, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा यांना गुण दिले जातात.

घरट्याचे महत्त्व कळण्यासाठी तापमानाचा विचार करायला हवा. प्राणिगृहाची खोली साधारणपणे २० ते २४ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते, आणि अंगात कोट, हातमोजे व तोंडाला मास्क लावून काम करणाऱ्या माणसाला ती सुखावह वाटते. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या उंदराची उष्णता मात्र त्याच्या इवल्याशा देहातून झपाट्याने निघून जाते, आणि वेगळी ऊर्जा न खर्चता त्याला ऊब राखता येते ती सुमारे ३० अंशांना. म्हणजे आपल्याला आल्हाददायक वाटणाऱ्या त्या खोलीत तो सतत थंडीशी झगडत असतो. याचा परिणाम केवळ त्याच्या सुखावर होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० अंशांच्या आसपास ठेवलेल्या उंदरांतील कर्करोगाच्या गाठी नेहमीच्या थंड खोलीतील उंदरांपेक्षा सावकाश वाढल्या, कारण त्यांची प्रतिकारशक्ती गाठीशी अधिक जोमाने लढत होती. औषध तपासायला बसलेल्या संशोधकाला हे ठाऊक नसेल, तर आपण औषधाचा परिणाम मोजतो आहोत की थंडीचा, हे त्याला कसे कळणार? मूठभर कागदी पट्ट्या हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हीच गोष्ट उंदीर उचलण्याची. वर्षानुवर्षे जगभर उंदीर शेपटीला धरून उचलले गेले, कारण ते झटपट होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकारी रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की शेपटीला धरलेले उंदीर माणसाच्या हातापासून दूर पळतात आणि भेदरलेले राहतात, तर नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर आपणहून जवळ येतात. पिंजऱ्यात पारदर्शक नळी आडवी ठेवायची, उंदराला हलकेच तिच्याकडे वळवायचे, तो आत शिरला की नळी उचलायची. सराव झाला की याला काही सेकंदच लागतात.

उंदराचे जग वासाचे आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाला २०१४ साली असे आढळले की पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला, किंवा त्याने घातलेला टीशर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची जाणीव मंदावते. साफसफाई करतानाही हे भान लागते. मूत्रातून तयार होणारा अमोनिया श्वसनमार्गाला त्रास देतो, म्हणून पिंजऱ्यात अंथरलेले तूस किंवा मक्याच्या कणसांचा चुरा वेळोवेळी बदलावाच लागतो. पण ओळखीचा सगळाच वास पुसला गेला तर नर एकमेकांवर तुटून पडतात. यासाठी जुन्या घरट्यातील थोड्या पट्ट्या नव्या पिंजऱ्यात ठेवाव्यात, ओले तूस मात्र ठेवू नये.

आपल्याकडे या साऱ्याला १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आणि १९९८च्या नियमांचा आधार आहे. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीत शास्त्रज्ञांबरोबर पशुवैद्य असतो, आणि विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक जाणीव असलेला सदस्यही असतो. ‘इतके प्राणी कशासाठी?’ हा त्या सदस्याचा साधा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेली तीन सूत्रे, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि यातना कमी करणे, येथे एकमेकांत गुंततात. भेदरलेल्या, गारठलेल्या प्राण्यांची मोजमापे विखुरलेली येतात, आणि तो विस्कळीतपणा भरून काढायला आणखी प्राणी लागतात. भारताने या तिन्हींना प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचे चौथे सूत्र जोडले, परंतु त्याचा लाभ मुख्यतः मोठ्या प्राण्यांना होतो.

उंदरांच्या वाट्याला तो फारसा येत नाही. प्रयोग संपला की बहुतेकांना शक्य तितक्या वेदनारहित रीतीने मृत्यू दिला जातो, आणि दिवाळीतही येऊन ज्यांनी पाण्याच्या बाटल्या तपासल्या, पुष्कळदा त्यांच्याच हातांवर ते काम येते. नळीची सवय झालेला उंदीर त्या दिवशीही आपणहून तिच्यात शिरतो.