विका (वांगुनू महाउंदीर)

सॉलोमन बेटांच्या पश्चिम प्रांतातील वांगुनू या एकाच बेटावर आढळणारा, झाडावर राहणारा मोठा उंदीर. शास्त्रीय नाव युरोमिस विका. ‘विका’ हे बेटावरच्या लोकांनी दिलेले नाव. तेच शास्त्रज्ञांनी जातीसाठी स्वीकारले, हे योग्यच झाले.

शेपटी धरून लांबी सुमारे 46 सेंमी. आणि वजन अर्धा ते एक किलो. घरात शिरणारा काळा उंदीर याच्या पाव हिश्शाएवढाही भरत नाही. अंगावर नारिंगी-तपकिरी केस, कान लहान. शेपटी लांब, जवळजवळ केस नसलेली, बारीक खवल्यांची. पंजे रुंद असल्याने उंच फांद्यांवर पकड बसते. मुख्य खाणे नगाली झाडाची जाड कवचाची फळे. कवच फोडण्याऐवजी विका दातांनी कुरतडून त्याला भोक पाडतो आणि आतला गर काढतो. रानात पडलेली अशी पोखरलेली कवचे हीच त्याच्या वावराची पहिली खूण.

वांगुनूवरच्या झायरा गावच्या लोकांना विका पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. प्राणिशास्त्रज्ञ टायरोन लॅव्हरी यांनी 2010 मध्ये त्याच्याविषयी ऐकले, पण पुढे बरीच वर्षे शोध घेऊनही तो हाती लागला नाही. कारण उघड आहे: हा प्राणी झाडांच्या शेंड्यांत राहतो, संख्येने थोडा आहे आणि जमिनीवर लावलेल्या सापळ्यांकडे फिरकत नाही. अखेर नोव्हेंबर 2015 मध्ये लाकूडतोडीत पाडलेल्या एका झाडातून एक विका बाहेर पडला व जखमांनी मेला. त्या एका नमुन्यावरून लॅव्हरी आणि झायराचे हिकुना जज यांनी 2017 मध्ये जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

जिवंत विकाची पहिली छायाचित्रे 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. झायराच्या मूळ जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावले होते, आमिष तिळाच्या तेलाचे होते. जागा निवडताना गावकऱ्यांची माहिती उपयोगी पडली. एकूण 95 छायाचित्रे मिळाली. त्यांत चार वेगवेगळे उंदीर दिसतात.

जात अतिसंकटग्रस्त गणली जाते. विकाला जुनी, उंच, एकमेकांना भिडलेली झाडे लागतात; तोड झालेल्या रानात नवी झाडी उगवली, तरी ती त्याच्या कामाची नसते. बेटावरचे बहुतेक जंगल तोडले गेले आहे. झायराचे लोक आपले रान अनेक वर्षे राखत आले, पण ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा तिथल्याही तोडीला संमती मिळालेली होती.