गॅस सिलिंडर परत करून अनामत ठेव मिळवण्याची प्रक्रिया: कोणते कागद लागतात आणि अर्ज कुठे अडतो

मुंबईत ज्या इमारतींत पाइपने गॅस आला आहे, तेथील कित्येक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीटर बसलेला असतो आणि पोटमाळ्यावर दोन लाल सिलिंडर धूळ खात पडलेले असतात. ते परत करावेत हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते, परंतु एजन्सीच्या खिडकीवर एकदा कागदावरून परत पाठवले गेल्यावर दुसऱ्यांदा जाण्याचा उत्साह कोणालाच उरत नाही. या लेखात म्हणूनच मुख्यतः त्या कागदांचा विचार केला आहे.

रिकामे भांडे परत करा आणि ठेव परत घ्या, या पद्धतीची चर्चा अलीकडे पुष्कळ होते. राज्य सरकारने मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या यांच्यासाठी ती आणली, आणि ती बहुतांशी अधिसूचनेतच राहिली. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मात्र हीच पद्धत मुंबईत १९५५ पासून, म्हणजे बर्मा शेल कंपनीने ‘बरशेन’ या नावाने गॅस विकायला सुरुवात केली तेव्हापासून, रुजलेली आहे. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. ग्राहक तो वापरण्यासाठी व्याज न मिळणारी अनामत ठेव भरतो, आणि सिलिंडर व रेग्युलेटर परत केल्यावर ती ठेव त्याला परत मिळाली पाहिजे. सिलिंडर भंगारवाल्याला विकणे त्यामुळे बेकायदेशीर ठरते, कारण जी वस्तू आपली नाही ती आपण विकू शकत नाही. शेगडी आणि रबरी नळी मात्र ग्राहकाच्या मालकीची असल्याने ती परत करावी लागत नाही.

अर्ज कोणी करायचा याचे उत्तर सरळ आहे: जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याने. नियमित टप्पेही फार नाहीत. आपल्या एजन्सीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर जोडणी परत करण्याची विनंती नोंदवायची, रिकामे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचे, ओळखपत्राची आणि बँक खात्याच्या तपशिलाची प्रत द्यायची, ठेव घ्यायची. जाण्यापूर्वी नवे रिफिल बुक करू नये आणि सिलिंडरमधला गॅस संपवून मगच जावे, कारण अर्धवट उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत.

सब्स्क्रिप्शन व्हाउचर नावाचा कागद

पुष्कळ अर्ज जेथे अडतात ती जागा ही आहे. नवी जोडणी घेताना एजन्सीने सब्स्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे एसव्ही, दिलेले असते. किती सिलिंडर दिले, कोणता रेग्युलेटर दिला आणि किती ठेव घेतली याची नोंद त्यावर असते, आणि ठेव परत मागण्याचा आधार तोच कागद असतो. लोक घेऊन येतात ते निळे पुस्तक, ज्यावर रिफिलच्या तारखा लिहिलेल्या असतात. ते पुस्तक पुरवठ्याची नोंद दाखवते, ठेवीची पावती म्हणून ते चालत नाही. रेशनकार्डावरचा गॅसचा शिक्काही चालत नाही, मग तो कितीही ठळक असो. चाळीतून ट्रान्झिट कॅम्पात आणि तेथून नव्या इमारतीत गेलेल्या कुटुंबाकडे तीस वर्षांपूर्वीचा तो पातळ कागद शिल्लक असावा, ही अपेक्षा ज्याने ठेवली त्याने बहुधा स्वतः कधी घर बदललेले नसावे.

येथेच आणखी एक गुंता असतो. दुसरा सिलिंडर पुढे काही वर्षांनी घेतला असेल, तर त्याचे व्हाउचर वेगळे असते आणि त्यावरची ठेवही वेगळ्या दराची असू शकते. एकच व्हाउचर नेल्यास एकाच सिलिंडरचा हिशेब होतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा फेरी पडते. पहिले सापडल्यावर शोध थांबवू नये. दुसरे बहुधा घराच्या करारनाम्याच्या किंवा विम्याच्या फायलीत निघते.

व्हाउचर खरोखरच हरवले असेल, तर ठेव बुडत नाही. ते हरवल्याचे घोषणापत्र कंपनीच्या ठरलेल्या नमुन्यात देऊन काम पुढे जाते. या वेळी घाईने मुद्रांक विकत घेऊ नये, असे आवर्जून सांगावेसे वाटते. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकाऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक वापरावा लागतो, आणि जुन्या जोडणीची ठेव कधी कधी तितकीही नसते. म्हणून आधी एजन्सीकडून त्या कंपनीचा छापील नमुना मागून घ्यावा, साध्या कागदावरचे घोषणापत्र चालेल का हे विचारावे आणि व्हाउचरचा तपशील एजन्सीच्या संगणकावर दिसतो का ते पाहायला सांगावे. ग्राहक क्रमांक किंवा सतरा अंकी एलपीजी आयडी दिल्यास नोंद शोधणे सोपे जाते. हे दोन वेगळे क्रमांक आहेत. खिडकीवर एक मागितला असता दुसरा सांगितल्याने ‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे उत्तर अनेकांना मिळालेले आहे.

किती रक्कम मिळेल

१६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची ठेव १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५० रुपये. ही बातमी वाचून पुष्कळांनी असा समज करून घेतला की आता परत करताना २,२०० रुपये मिळतील. तसे होत नाही. परतावा आपल्या व्हाउचरवर लिहिलेल्या रकमेचाच होतो. २०२१ साली १,४५० आणि १५० रुपये भरून एका सिलिंडरची जोडणी घेतली असेल, तर परत १,६०० रुपये मिळतील. ऐंशीच्या दशकात काहीशे रुपये भरले असतील, तर तेवढेच काहीशे. चाळीस वर्षे बिनव्याजी ठेवलेल्या रकमेविषयी खिडकीवर वाद घालणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे, परंतु तो दर खिडकीवरच्या माणसाने ठरवलेला नाही. आणि जे ग्राहक ‘थोडे थांबले तर दर आणखी वाढेल’ म्हणून सिलिंडर ठेवून देतात, त्यांना थांबून काहीही मिळणार नाही.

रकमेतून कपात होते ती बहुधा रेग्युलेटरमुळे. सिलिंडर सतत फिरत असतो: आपण दिलेला रिकामा सिलिंडर भरून दुसऱ्याच घरी जातो, नव्या सिलिंडरची पहिली वैधानिक चाचणी दहा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी होते, आणि आपल्याला पहिल्या दिवशी मिळालेला सिलिंडर पुन्हा कधी दिसत नाही. म्हणून त्याच कंपनीचा कोणताही सिलिंडर जमा केला तरी चालते. रेग्युलेटर मात्र फिरत नाही. तो दिला तेव्हाचा क्रमांक व्हाउचरवर असतो आणि परत करताना तोच क्रमांक पाहिला जातो. मध्यंतरी रेग्युलेटर बिघडल्यावर रस्त्यावरच्या शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडून दुसरा घेतला असेल, तर क्रमांक जुळत नाही आणि ठरलेली रक्कम भरावी लागते. एजन्सीतून बदलून घेतला असेल, तर बदलाची नोंद तेथे असावी. ती दाखवा म्हणून सांगावे. सिलिंडरच हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत द्यावी लागते आणि त्या वेळच्या दराने भरपाई करावी लागते. शेजाऱ्याशी सिलिंडरची अदलाबदल करून दुसऱ्याच कंपनीचा सिलिंडर पोटमाळ्यावर आलेला असणे हाही नेहमीचा प्रकार आहे. निघण्यापूर्वी सिलिंडरवरचे कंपनीचे नाव एकदा वाचून घ्यावे.

जोडणी वडिलांच्या नावावर, आणि वडील हयात नाहीत

मुंबईतल्या जुन्या जोडण्यांपैकी बऱ्याच या प्रकारात येतात. येथे आधी वारसाच्या नावावर जोडणी करावी लागते. त्यासाठी मूळ व्हाउचर, मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, ठरलेल्या नमुन्यातील घोषणापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत पत्रे लागतात. ‘कोर्टाचा वारसा दाखला आणा’ असे सांगितल्यावर लोक वकिलाकडे धावतात. परंतु वारसा दाखला किंवा इतर वारसांचे ना-हरकत पत्र, यांपैकी एक पुरते, हे एजन्सीत शांतपणे दाखवून द्यावे. बहीण परगावी असेल, तर तिचे पत्र आधीच मागवून ठेवावे, कारण सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर जोडणी करताना ठेव जुन्याच दराची राहते. नव्या दराचा फरक मागितला गेल्यास कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारावे. कुटुंबाबाहेरच्या माणसाकडे सिलिंडर असेल आणि त्याला ती जोडणी आपल्या नावावर करून घ्यायची असेल, तर मात्र चालू दराने ठेव भरावी लागते.

नावातला फरकही अडवतो. लग्नापूर्वीचे आडनाव, आधारवरचे वेगळे स्पेलिंग, किंवा वडिलांचे नाव आद्याक्षरात लिहिलेले असल्यास केवायसी आधी दुरुस्त करून घ्यावे आणि नंतरच परत करण्याचा अर्ज द्यावा. दोन्ही एकाच दिवशी होतील, अशी आशा धरू नये. फार काळ रिफिल न घेतल्याने जोडणी निष्क्रिय दाखवली जात असेल, तर तेथेही केवायसीच पुन्हा करावे लागते. निष्क्रिय होणे म्हणजे ठेव जप्त होणे, असा अर्थ कोणी सांगितला तरी तो मान्य करू नये.

परत करायची की हलवायची

घर बदलले म्हणून जोडणी परत करण्याची गरज नसते. त्याच शहरात किंवा लगतच्या भागात एजन्सी बदलायची असेल, तर सिलिंडर आपल्याकडेच ठेवून केवळ नोंद हलवता येते. दूरच्या गावी जाणाऱ्याने मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घ्यायचे असते. हे व्हाउचर कोणत्याही परिस्थितीत मागून घ्यावे, पुन्हा गॅस घेण्याचा विचार नसला तरीही. ‘सिलिंडर ठेवून जा, नोंद आम्ही करतो’ या शब्दावर विसंबून परतलेल्या लोकांची जोडणी संगणकावर चालूच राहते. पुढे मुलाने त्याच पत्त्यावर नवी जोडणी मागितली की एका घरात एकच जोडणी या नियमावर बोट ठेवून अर्ज फेटाळला जातो, आणि सिलिंडर तर केव्हाच गेलेले असतात.

उज्ज्वला योजनेतील जोडणीची ठेव ग्राहकाने भरलेली नसते, म्हणून तिच्या परताव्याची रोख रक्कम हातात पडेल असे गृहीत धरू नये. दुकानात मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवीवर दिला जात नाही, विकला जातो. त्याला ही प्रक्रिया लागू नाही, आणि परत घेण्याच्या अटी त्याच्या पावतीवरच पाहाव्यात.

एजन्सी ठेव नाकारत असेल किंवा ‘साहेब नाहीत’ असे सांगून परत पाठवत असेल, तर अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच मागावी. पोच दिली नाही, तर तोच अर्ज व्हाउचरच्या छायाप्रतीसह संबंधित तेल कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयाला पाठवावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तेथेही उत्तर आले नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर पेट्रोलियम मंत्रालयाच्या नावे तक्रार करता येते. मूळ व्हाउचर मात्र रक्कम मिळेपर्यंत कोणाच्याही हाती पोचपावतीशिवाय देऊ नये.