युक्लिडच्या आरशावरचा बर्फ

नोव्हेंबर २०२३मध्ये युक्लिड या अंतराळ दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट खटकली. ज्या ताऱ्यांची तेजस्विता वारंवार मोजली जात होती, ते किंचित मंद दिसू लागले होते. इतके तारे एकदम कशाला मंदावतील? प्रकाश वाटेत कुठेतरी अडत होता. संशय बर्फावर गेला. थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, डीएनएच्या धाग्याएवढा. जमिनीवर जुळणी चालू असताना हवेतली वाफ दुर्बिणीच्या आवरणांत मुरली होती. अंतराळात ती हळूहळू सुटली आणि गार भागांवर जाऊन बसली.

चहाच्या वाफेने चष्मा धुरकटला तर आपण सदऱ्याच्या टोकाने पुसतो. इथे चष्मा १५ लाख किलोमीटर दूर!

शिवाय तो एकट्या कुणाचा नव्हता. दुर्बीण युरोपीय अंतराळ संस्थेची. १.२ मीटर व्यासाच्या आरशाने गोळा केलेला प्रकाश एका खास काचेपाशी दुभंगतो. दृश्य प्रकाश परावर्तित होऊन ‘व्हिस’ कॅमेऱ्यात जातो. त्याच्या ३६ सीसीडींचे (प्रकाश टिपणाऱ्या चिपांचे) मिळून सुमारे ६० कोटी पिक्सेल, नेतृत्व ब्रिटनचं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काचेतून आरपार ‘निस्प’ या दुसऱ्या उपकरणात जातो. नेतृत्व फ्रान्सचं, १६ संवेदक नासाचे. निघायचं होतं रशियाच्या सोयुझ रॉकेटमधून. युक्रेनयुद्धामुळे ते फिसकटलं आणि १ जुलै २०२३ला अमेरिकेच्या फाल्कन ९वर स्वारी झाली.

कामाची वाटणीही अशी, की एकाचं दुसऱ्यावाचून भागत नाही. वाटेतल्या कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाच्या, गुरुत्वाकर्षणामुळे दूरच्या दीर्घिका आपल्याला जराशा ताणलेल्या दिसतात. हा ताण व्हिस टिपतो. पण ती दीर्घिका किती दूर आहे हे निस्पच्या मोजमापांची जोड मिळाल्याशिवाय नीट ठरत नाही, आणि अंतर नसेल तर कृष्णद्रव्याचा नकाशा सपाटच राहतो. बर्फ मात्र असल्या वाटण्या मानत नाही. व्हिसच्या मोजमापांत तो आधी जाणवला एवढंच.

सगळी दुर्बीण एकदम तापवली असती, तर बर्फ गेला असता. पण तापलेले भाग प्रसरण पावतात आणि निवल्यावर केसभरही सरकले, तरी आकार मोजणाऱ्या यंत्राची पंचाईत. म्हणून प्रकाशाच्या वाटेतला एकेक आरसा तापवून बघायचं ठरलं. मार्च २०२४मध्ये पहिला आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंश सेल्सिअसवर नेला. ऊब म्हणावी अशी ही ऊबच नव्हे! तरी १०० मिनिटांत व्हिसमध्ये १५ टक्के जास्त प्रकाश येऊ लागला.